पाच नंबरचा पाय

खरं सांगा, तुमच्या शू-रॅकमध्ये किती जोड आहेत? ऑफिसचे फॉर्मल्स, जिमचे स्पोर्ट्स शूज, लग्नसराईतली मोजडी, पावसाळ्यातले फ्लोटर्स... आणि सगळ्यात मागे, एका उत्साही वीकएन्डला घेतलेले ते दणकट, घोट्याच्या वर येणारे, काळे नाहीतर वाळूच्या रंगाचे बूट. बॉक्सवर ठळक अक्षरांत 'टॅक्टिकल'. एकदा लोणावळ्याला घातले, एकदा बाइकवर, एकदा नुसतेच जीन्सवर. बास!

माझ्याकडेही असा एक जोड होता. होता म्हणतेय, कारण तो राजगडावर गेला. म्हणजे मी गेले आणि परत आले, तो निम्मा वरच राहिला. कॉलेजात असताना घेतलेला, चार-पाच वर्षं कपाटात जपून ठेवलेला, दिसायला नवाकोरा. गडाच्या अर्ध्या वाटेत उजव्या पायाचा सोल बिस्किटासारखा चुरा होऊन पडला आणि उरलेली उतरण मी ओढणी बांधून केली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती. बुटाच्या सोलमध्ये जो मऊ फोमसारखा थर असतो, तो बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू आतून तुटत जातो, आणि त्यासाठी बूट वापरावे लागत नाहीत. कपाटातसुद्धा त्याचं वय होत असतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ओढणी वाचली असती.

असो. तर असल्या माणसाला, म्हणजे मला, यंदा फेब्रुवारीत लातूरहून मामाचा फोन आला.

"पोरीला बूट घ्यायचेत. मिलिटरीचे असतात तसले. तू पुण्यात राहतीस, तुला कळतंय त्यातलं."

माझी मामेबहीण एसएससी जीडीची परीक्षा पास झालीय. म्हणजे केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात कॉन्स्टेबल. या परीक्षेत मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत पळावं लागतं. ती पळाली, तेही शेजारच्या मुलीकडून मागून आणलेल्या बुटांत. आता सहा आठवड्यांनी ट्रेनिंगला जायचं होतं. बूट तिथं सरकारी मिळणारच आहेत, मग हे कशाला? तर तिच्या अकॅडमीतल्या माजी फौजी सरांनी सगळ्या पोरींना बजावलेलं: आजवर तुमचे पाय चपलेत वाढलेत. तिथं पहिल्या दिवसापासून बूट, पहिल्या आठवड्यापासून ड्रिल. पाय आधी इथं तयार करा. आदल्या बॅचमधल्या एका मुलीच्या नडगीच्या हाडाला इजा झाली आणि ती महिनाभर मागे पडली, ही गोष्ट अकॅडमीत सगळ्यांना पाठ होती.

"बजेट किती?" मी प्रोफेशनल आवाजात विचारलं.

"पाच हजार. त्याच्यावर नाही जमायचं."

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे मामाचं बजेट साधारण एक पोतं, तेही भाव पूर्ण मिळाला तर. आणि सप्टेंबर २०२५ च्या पावसानं मामाचं निम्मं सोयाबीन वावरातच कुजवलं होतं. हे सगळं त्यानं फोनवर सांगितलं नाही. मला माहीत होतं.

आता मी काही बुटांची एक्स्पर्ट नाही. पण जर्नलिस्ट माणूस, गुगल आणि ओळखीपाळखी या दोन गोष्टींवर आमचं पोट. पहिला प्रश्न, 'टॅक्टिकल' म्हणजे नक्की काय? माझी समजूत अशी की हा निव्वळ मार्केटिंगचा शब्द, 'डिझायनर' किंवा 'हर्बल'सारखा. बहुतेक ठिकाणी तसाच वापरतात. पण सरप्राइज! भारतीय मानक ब्युरोनं पीयू-रबर सोलच्या, उंच घोट्याच्या टॅक्टिकल बुटांसाठी चक्क एक मानक केलेलं आहे. नंबर आयएस १७०१२, साल २०१८. पादत्राणांच्या गुणवत्तेचा सरकारी आदेश २०२४ मध्ये लागू झाला, त्याच्या यादीतही हे नाव आहे. लहान उत्पादकांना सूट आहे, त्यामुळे बाजारातल्या प्रत्येक जोडावर तो शिक्का सापडेलच असं नाही. पण दुकानदाराला "१७०१२ चा आहे का?" एवढं विचारलं तरी त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी विचारलं. चार दुकानांत. तिघांनी मला बुटाचा साइज नंबर सांगितला.

माझं माहेर, म्हणजे घर, नांदेडला. (लग्न नाही झालं अजून, आईला बरं वाटावं म्हणून माहेर म्हणते.) पुण्याहून आधी नांदेड गाठलं, वजिराबादच्या मार्केटमध्ये एक चक्कर टाकली, मग एसटीनं लातूर. लातूरला सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र, चाकूरला बीएसएफचं. शिवाय गावोगावी पोलीस भरतीची, अग्निवीरची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. म्हणजे गिऱ्हाइकाची कमी नाही. पण माझी गाडी पहिल्याच दुकानात अडकली.

"साइज?"

"पाच."

"लेडीजमध्ये नाही येत मॅडम हे. जेंट्सचा सहा घ्या, आत दोन मोजे घाला. सगळ्या मुली तसंच करतात."

माझा आणि मामेबहिणीचा नंबर एकच, पाच. मला वाटलं, सोपं झालं, मीच घालून टेस्ट करीन! पण सगळ्या दुकानांत तेच उत्तर. आता दोन मोज्यांचा फंडा ऐकायला ठीक आहे, पण त्यात एक गोम आहे. बूट ज्या साच्यावर घडतो त्याला कलबूत म्हणतात. पुरुषांचं कलबूत लहान केलं म्हणून ते बाईच्या पायाचं होत नाही. आपल्या पायाची टाच पुढच्या भागाच्या मानानं अरुंद असते. मोजे वाढवले की पुढे बोटं आवळली जातात आणि मागे टाच तरीही हलतच राहते. टाच हलली की घासते, घासली की फोड. ऑफिसला नवी सँडल घातल्यावर संध्याकाळी जो फोड येतो ना, तोच. फक्त तुम्ही घरी येऊन पाय टेबलावर टाकता, आणि ट्रेनिंगमधली मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच बुटात पुन्हा उभी असते.

मग मी तीन जोड जमवले. एक, मार्केटमधला चकचकीत काळा, बाजूला झिप असलेला, १,४५० रुपये, जेंट्स सहा. दोन, आपले हंटर शूज! सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना सांगायलाच नको. हिरवट कॅनव्हास, रबरी सोल, हजाराच्या आत, भरतीच्या पोरांचे आणि गडकऱ्यांचे वर्षानुवर्षांचे लाडके. तीन, पुण्यातल्या एका ट्रेकर मैत्रिणीकडून हातापाया पडून आणलेला इंपोर्टेड जोड. आठ इंच उंच, आत वॉटरप्रूफ अस्तर, किंमत सोळा हजार. मामाला किंमत सांगितल्यावर त्यानं तो उचलून उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "तीन क्विंटल." हिशेब बरोबर होता.

टेस्टिंगसाठी मॉलच्या गुळगुळीत फरशीवर दोन पावलं टाकून आरशात बघायचं, हे आपलं शहरातलं. इथं मामाचं वावर होतं. औसा तालुक्यातली ती जमीन म्हणजे बुटांसाठी बोर्डाची परीक्षा समजा. वाळली की दगडासारखी ढेकळं, भिजली की फेव्हिकॉल. त्यात तूर काढून झालेली, म्हणजे वावरभर धसकटं. बांधावर बाभळी.

पहिल्या दिवशी नांगरलेल्या रानात झिपवाला. फर्लांगभर चालले असेन. ढेकळांवर प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं, आणि तेव्हा कळतं की घोट्याभोवतीची उंची नुसती असून भागत नाही, ती आवळून धरली पाहिजे. झिपचा बूट घालायला सोपा, पण लेस एकदा बांधल्यावर ती रोज कुणी ओढून बसवत नाही, त्यामुळे तो दिवसेंदिवस सैल होत जातो. दुसऱ्या दिवशी झिपेत माती गेली. तिसऱ्या दिवशी ती निम्म्यावर अडकली आणि मामीनं मेणबत्ती घासून सोडवली. चौथ्या दिवशी पुढून सोलनं तोंड उघडलं. आत बघितलं तर टाका एकही नाही, नुसता गोंद. मामेबहीण म्हणाली, "ताई, हा तर हसायलाय!"

मग हंटर. काय सांगू, पाय मोकळे झाल्यासारखे वाटले! हलका, वाकणारा, औशाच्या भुईकोटातल्या दगडी पायऱ्यांवर जिथं झिपवाला घसरत होता तिथं हा चिकटून चालला. मी मनात ठरवूनच टाकलं, हाच. आणि बांधावरून परत येताना तळव्यात अशी कळ गेली की मी मटकन खालीच बसले. बाभळीचा काटा, सोलमधून आरपार. मामानं चिमट्यानं काढला, जखमेवर हळद भरली, आणि सोल अंगठ्यानं दाबून बघत म्हणाला, "पळायला चांगलाय. रानात नाही." (हळदीनंतर मी धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं, काळजी नसावी.) मुद्दा त्याचा पटला. पातळ सोल जमीन ओळखतो म्हणून पकडतो, आणि पातळ आहे म्हणूनच काटा आत घेतो. दोन्ही गुण एकाच जोडात शोधत बसलं की किंमत सोळा हजारांकडे सरकायला लागते.

सोळा हजारवाल्याची मला भीतीच वाटत होती. खराब झाला तर? पण मैत्रीण म्हणाली होती, घाल बिनधास्त. ढेकळांवर तो राजासारखा चालला. काटा आत गेला नाही. टाच जागच्या जागी, कारण तो मुळात बायकांच्या पायासाठीच घडवलेला. मामेबहीण तर काढायलाच तयार नव्हती. मग आम्ही उसाला पाणी सोडलं होतं तिकडे गेलो.

काळ्या मातीच्या चिखलातून कधी चालला आहात? पहिल्या पावलाला माती चिकटते, दुसऱ्याला त्या मातीला माती चिकटते, दहाव्या पावलाला तुम्ही चार बोटं उंच झालेले असता. या बुटाचा सोल खोल खाचांचा, दगडावर एक नंबर. असल्या खाचांच्या रबरी सोलचा इतिहासही भारी आहे. इटलीचा गिर्यारोहक व्हिताले ब्रामानीचे सहा सोबती १९३५ मध्ये आल्प्समध्ये गेले. त्यानंतर त्यानं खिळ्यांच्या चामडी सोलऐवजी रबराचा खाचदार सोल तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्याच नावावरून 'व्हिब्रम'. पण आल्प्समध्ये खडक आणि बर्फ, इथं रेगूर! खाचा मातीनं गच्च भरल्या आणि सोल सपाट झाला. मी मामाच्या काट्यावर वजनच केलं. कोरडा बूट ६२० ग्रॅम, चिखलासकट १,४०० च्या वर. आता लष्करी जगातला एक जुना हिशेब आहे की पायावरचं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतकं दमवतं. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगांतही आकडा साधारण तिथंच, कधी थोडा वरही आला. लावा गणित.

अमेरिकनांना हा चिखल पनामात भेटला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेमंड डोबी नावाच्या सार्जंटनं तिथल्या चिकणमातीसाठी वेगळा सोल सुचवला. जाड, तिरक्या, एकमेकींपासून लांब असलेल्या रबरी पट्ट्या, म्हणजे पाऊल वाकलं की माती आपोआप सुटून पडते. पुढे व्हिएतनामच्या जंगल बुटांना सुरुवातीला आल्प्सछाप सोल लावला, तो चिखलानं भरायला लागला, मग पुन्हा पनामा सोलकडे यावं लागलं. त्याच बुटांना तळव्याच्या वर बाजूला दोन छोटी भोकं असायची, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला. मला आधी वाटायचं ती डिझाइनच आहे.

त्या भोकांचं महत्त्व मला पाटात कळलं. उसाच्या कडेचा पाट ओलांडताना पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि पाणी बुटाच्या वरून शिरलं. वॉटरप्रूफ अस्तराचा खाक्या असा की पाणी आत येऊ देत नाही, आणि आलेलं बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे पायाला दोन बादल्या! तो जोड वाळायला दोन दिवस लागले, आणि वाळायच्या आधीही दुपारच्या उन्हात आत घामाची वाफ धरत होताच. थंड, ओल्या देशात हे अस्तर वरदान असेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तिथं मी त्यासाठी जास्तीचे पैसे मोजणार नाही. आणि पुरात? ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली तेव्हा बचावाला लष्कराची तुकडी आली होती. तशा कामात पाणी वरून शिरणारच. ते बाहेर किती लवकर पडतं, एवढंच बघायचं.

त्या रात्री ओसरीवर तिन्ही जोड ओळीनं मांडून ठेवलेले. मामा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग स्वतःहून बोलायला लागला. ३० सप्टेंबर १९९३. तो तेव्हा दहावीत होता. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. दोन-तीन दिवसांनी तो मोठ्या माणसांबरोबर किल्लारीला गेला, तेव्हा पाऊस पडत होता आणि फौजेचे जवान ढिगाऱ्यावर होते. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद. त्या दगडांतून, लोखंडी पत्र्यांतून, खिळे वर आलेल्या लाकडांतून ती पोरं चढत-उतरत होती. "आमच्या पायात चपला," मामा म्हणाला. "ज्यांच्या पायात काय नव्हतं तेबी दगड उचलत होते. पण आम्ही आत जाऊ शकत नव्हतो. ते जायचे." थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "एकजण बूट काढून बसला होता. पाय पांढरेफटक पडले होते पाण्यानं. पुन्हा तेच बूट घातले आन गेला."

मला कळलं की बजेट पाच हजार का होतं, दोन का नव्हतं.

बुटांच्या बाबतीत आपल्या देशाचा हिशेब तसा फार अभिमानाचा नाही. १९६२ मध्ये सुती कपडे आणि कॅनव्हासच्या बुटांवर जवान हिमालयात लढले, हे आपण शाळेत ऐकलेलं. पण त्यानंतरचं? कॅगचा जो अहवाल २०२० च्या फेब्रुवारीत संसदेत आला त्यात म्हटलंय की नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात अतिउंचावरच्या जवानांना बहुउपयोगी बूट दिलेच गेले नाहीत, आणि असलेलेच बूट पुन्हा वापरात आणावे लागले. हा अहवाल मी एसटीत बसून मोबाइलवर वाचला आणि शेजारच्या काकांना वाचून दाखवला. काका म्हणाले, "आमचा पोरगा तिकडंच होता." पुढं आम्ही दोघंही फार काही बोललो नाही.

शेवटी खरेदी झाली ती लातूरच्या गंजगोलाईत. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, मध्ये गोल इमारत, आत जगदंबेचं मंदिर, भोवती सोळा रस्ते, आणि सोन्यापासून गुळापर्यंत सगळं. चपला-बुटांची दुकानंही तिथं रांगेनं. आधी आम्ही गेलो तिथल्या एका गटईवाल्या काकांकडे, फाटलेला झिपवाला घेऊन. काकांनी तो हातात घेतला, वाकवला, वरचं चामडं नखानं ओरखडलं. "हे वरचं कातडं नाही बाई. खालचा थर हाय, वर रंग मारलाय. चकाकतंय म्हणून घेतलं असन." मी मान खाली घातली. "मोडतो कुठं ते बघत जा. बोटं जिथं वाकत्यात तिथंच बूट वाकला पाहिजे. हा बघा, मधेच मोडतोय." मग दोन्ही टोकं धरून त्यांनी तो ओल्या टॉवेलसारखा पिळला आणि तो खरंच पिळला गेला. पंधरा सेकंदांत माझ्या चार दिवसांच्या रिसर्चचा निकाल!

त्यांनीच एका दुकानाचं नाव सांगितलं. चौथं दुकान. मी आपलं सवयीनं "१७०१२?" विचारलं, आणि तो मुलगा म्हणाला, "आहे की. पण पाच नंबर मागवावा लागेल, आठ दिवस." मला त्याला मिठीच मारावीशी वाटली. काळा, आठ इंच, पुढं आणि टाचेला चामडं, मधे जाड नायलॉन, म्हणजे हवा खेळते. झिप नाही. वॉटरप्रूफ अस्तर नाही. खालून रबर, खाचा मध्यम आणि मोकळ्या. दोन हजार नऊशे.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा आम्ही संध्याकाळी गेलो, मुद्दाम. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. जाताना तेच मोजे नेले जे रोज घालायचे. लेस न बांधता बोटं पुढं टेकवायची, मागे टाचेशी एक बोट शिरलं पाहिजे. मग लेस आवळायची आणि दुकानाच्या जिन्यावरून खाली-वर. चढताना टाच उचलली गेली तर नको, उतरताना बोटं पुढं आपटली तर नको. मामेबहिणीनं जिना अकरा वेळा केला. दुकानदार मुलगा मोजत होता. डावा किंचित सैल होता (बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, माप मोठ्या पायाचं घ्यायचं), त्यात पातळ सुखतळा टाकला. गटईवाल्या काकांना दाखवला, टाके घालून द्या म्हटलं. ते म्हणाले, "ह्याला आरी लावू नका. पीयू हाय, भोक पाडलं की फाटत जाईल. जसा हाय तसा घाला, घालत राहा. ठेवून देऊ नका." माझ्या राजगडची गोष्ट त्यांना माहीत असल्यासारखे!

उरलेल्या पैशांत मोजे. तीन जोड, लोकरमिश्रित, कारण सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो, आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. त्यावर मामाचा चेहरा पाहण्यासारखा. मोज्यांना एवढे पैसे! पण काही बोलला नाही.

नंतरचे दिवस मी पुण्यात, डेडलाइनमध्ये. रोज रात्री तिचा मेसेज यायचा. पहिल्या दिवशी घरातल्या घरात वीस मिनिटं. मग गोठ्यापर्यंत. मग बांधापर्यंत. आठवड्यानं तीन किलोमीटर. उजव्या टाचेवर एक जागा लाल झाली, तिथं फोड यायच्या आधीच चिकटपट्टी लावायची, हे तिला फौजी सरांनी शिकवलं. वास्तविक बूट आपल्या पायासारखा होतो असं म्हणतात, पण निम्मं काम पायालाच करावं लागतं, कातडी जाड करत करत. पाचव्या आठवड्यात तिनं फोटो पाठवला. बूट मातीनं माखलेले, लेस आत खोचलेल्या, खाली लिहिलेलं: आठ किमी, नो फोड.

गाडी नांदेडहून होती. आदल्या दिवशी मामा, मामी, ती, सगळे आमच्याकडे मुक्कामाला. संध्याकाळी हुजूर साहिबला गेलो. नांदेडचं कुणीही मोठ्या कामाला निघालं की आधी तिकडं जाऊन येतं, धर्म कुठलाही असो. जोडाघरात चपला-बूट द्यायचे, टोकन घ्यायचं. ती बूट घालूनच आली होती. काउंटरपलीकडे पांढऱ्या दाढीचे एक सेवादार. दिवसभरात किती जोड त्यांच्या हातांखालून जात असतील! त्यांनी बूट उचलला, सोल बघितला, तिच्याकडे बघितलं.

"फौज?"

"सीआरपीएफ," ती म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली असावी, कारण मामानं वळून पाहिलं.

दर्शन, लंगर करून तासाभरानं परत आलो तर बूट पुसून लख्ख करून ठेवलेले. लेसच्या गाठीसुद्धा सोडवलेल्या. आम्ही काही बोलायच्या आत ते पुढच्या माणसाच्या चपला घ्यायला वळले होते.

परवा तिचा फोन आला. रविवारी पाच मिनिटं बोलायला मिळतं, त्यातली चार मामीला. माझ्या वाट्याच्या एका मिनिटात म्हणाली, "ताई, इकडचे बूट मिळाले."

"नंबर?"

"सहा. पाच नव्हता." मग आवाज खाली करून, "ते लोकरीचे मोजे आहेत ना, तसले अजून दोन जोड पाठव. जाड बघ. आणि सुखतळा."